पावसाळा आला की गोल्डन खाजवायला लागतो: दरवर्षी परत येणारी खाज, कानदुखी आणि ओले चट्टे

जून लागला की मला फोन यायला सुरुवात होते. "काकू, रात्रभर खाजवतोय, झोपू देत नाही." "कानाला कसला तरी वास येतोय." "काल काहीच नव्हतं, आज गालाखाली ओलं, लाल, केस गेलेलं दिसतंय." कुत्रा बहुतेक वेळा गोल्डन रिट्रीव्हर असतो. गेल्या वर्षी याच महिन्यात याच घरातून असाच फोन आलेला असतो.

आमच्या घरातला लाडू हा तिसरा गोल्डन. आधीच्या सोनीने आणि बंड्याने मला हा त्रास नीट ओळखायला शिकवला. मी पशुवैद्य नाही. पण आमच्या आणि ओळखीच्यांच्या घरी हे इतक्या वेळा निस्तरलं आहे की आधी काय बघायचं आणि नंतर काय, हा क्रम आता पाठ आहे. चट्टा बरा व्हायला चार-पाच दिवस लागतात, तो परत का येतो हे शोधायला धीर लागतो. लोक पहिलं करतात आणि दुसरं राहून जातं.

लक्षणं

यातल्या दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर पुढे वाचा.

- सारखं डोकं झटकणं, सोफ्याच्या कडेला किंवा जमिनीवर कान घासणं.
- कान उलटून बघितला तर आत लाली, चॉकलेटी मळ आणि आंबलेल्या पिठासारखा वास.
- पुढचे पंजे सतत चाटणं. लाळेने बोटांमधले सोनेरी केस तांबूस-तपकिरी होतात.
- शेपटीच्या मुळाशी, कमरेवर किंवा मांडीच्या मागे स्वतःलाच कुरतडणं.
- गालावर, मानेवर किंवा कमरेवर अचानक ओला चट्टा. सकाळी रुपयाएवढा असतो, संध्याकाळपर्यंत बशीएवढा होतो.
- आंघोळ घातल्यावर दोन दिवसांत पुन्हा कुबट वास.
- औषध चालू आहे तोवर बरं, संपलं की तीन-चार आठवड्यांत सगळं पहिल्यासारखं.

शेवटचं लक्षण मला सगळ्यात बोलकं वाटतं. औषधाने आग विझते, पण निखारा कुठेतरी शिल्लक आहे असा त्याचा अर्थ.

आणखी एक लक्षण यादीत कुणी सांगत नाही, कारण ते त्वचेचं वाटतच नाही. आमच्या सोसायटीत एक चार वर्षांचा गोल्डन होता. पोरांनी अंगावर लोळावं, शेपटी ओढावी, त्याने डोळे मिटून पडून राहावं, असा स्वभाव. एके दिवशी घरातल्या सहा वर्षांच्या मुलीने नेहमीसारखी गळामिठी मारली आणि तो गुरगुरला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. घरात घबराट झाली, कुत्रा कुणाला तरी देऊन टाकायची भाषा सुरू झाली. मी गेले आणि त्याचा कान उचलून पाहिला. आतली वाट सुजून जवळजवळ बंद झाली होती. मिठीत तो कान दाबला जात होता. दोन आठवड्यांच्या उपचारानंतर तीच मुलगी त्याच्या पोटावर डोकं ठेवून गोष्टींचं पुस्तक वाचत होती. गोल्डन दुखणं फार सोसतो, कुरकुर करत नाही. म्हणून गरीब स्वभावाचा गोल्डन अचानक गुरगुरला किंवा डोक्यावर हात फिरवू देईना, तर आधी कान बघा. आणि तोवर मुलांना दोन हात लांब ठेवा, कारण दुखऱ्या कुत्र्याने चावा घेतला तर त्यात दोघांचंही नुकसान आहे.

या वेळी घरी काही करत बसू नका

पुढची यादी वाचण्याआधीच हे सांगते, कारण उशीर झाला तर महागात पडतं. डोकं एका बाजूला कलतंय, चालताना तोल जातोय, डोळे हलत राहतात, कानातून हिरवट किंवा रक्तमिश्रित पू येतोय, कानाची पाळी उशीसारखी फुगली आहे, चेहरा किंवा ओठ अचानक सुजले आहेत, ताप १०३ अंश फॅरेनहाइटच्या वर आहे (निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ च्या आसपास असतं); हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद, नाकातून रक्त, खाणं बंद. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. हिरड्या पांढऱ्या पडणं आणि नाकातून रक्त येणं ही गोचिडीच्या तापाची चिन्हं असू शकतात आणि त्यात एकेक दिवस मोलाचा असतो.

पहिली तपासणी: केसांच्या मुळाशी ओल आहे का?

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. कोरड्या हाताने मान, काखा, जांघा, कानाखालची जागा आणि शेपटीचं मूळ इथले केस बाजूला करा आणि बोट थेट कातडीला लावा. वरून कुत्रा सुकलेला दिसतो आणि आत ओल असते. बाहेरून आल्याला तीन तास झाले तरी बोटाला गारवा लागत असेल, तर निम्मा उलगडा इथेच झाला.

हे या जातीच्या केसांमुळे होतं. गोल्डनची पैदास स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली. लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी गिसाकन इथल्या आपल्या जागेत १८६८ साली नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल यांची जोडी लावली. आजचे गोल्डन त्याच वंशातले. शिकार केलेले पक्षी थंड पाण्यात उडी मारून आणायचे, हे काम. त्यासाठी वर पाणी अडवणारे लांब केस आणि खाली ऊब धरणारी दाट मऊ लव, असे दोन थर. तिथल्या गार, वाऱ्याच्या हवेत हा कोट उत्तम. आपल्याकडे जुलैत चादरी दोन दोन दिवस वाळत नाहीत, तिथे ही लव कशी वाळणार? भुरभुर पावसात वरचा थर पाणी झटकून टाकतो. पण डबक्यात बैठक मारली, पाइपने पाय धुतले किंवा घाईत आंघोळ घातली की आतली लव भिजते आणि तासन् तास ओली राहते. ओल्या, उबदार कातडीवर जंतू आणि यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढतात, खाज सुटते, कुत्रा खाजवतो, कातडी सोलते आणि चट्टा पडतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण मी त्याच्याइतका गुणकारी दुसरा पाहिला नाही. पंच्याने आधी टिपून घ्या, रगडू नका, रगडल्याने केसांच्या गाठी होतात. मग दोन-तीन जुने सुती पंचे बदलत पोट, काखा, जांघा आणि बोटांच्या मधल्या जागा. मग हेअर ड्रायर, पण गार किंवा अगदी कोमट हवेवर. दुसऱ्या हाताने केस उलटे करत हवा मुळाशी पोचवायची. ड्रायर एका जागी धरायचा नाही, आपला हात मध्ये ठेवायचा म्हणजे चटका आधी आपल्याला कळतो. लाडूला पूर्ण सुकायला पाऊण तास लागतो. शेवटी पंखा. ड्रायरला घाबरत असेल तर आधी आठवडाभर नुसता आवाज आणि खाऊ.

पट्टा विसरू नका. नायलॉनचा किंवा कापडी पट्टा ओला राहतो आणि त्याच्या खालीच चट्टे पडतात. घरात आला की पट्टा काढून वाळत टाका.

इथेच नेहमी विचारलं जातं, "मग सगळे केस काढूनच टाकू का?" कृपा करून नको. वरचे केस उन्हापासूनही वाचवतात. एकदा मुळापासून कापले की काहींचे केस पुन्हा नीट येत नाहीत, लव आधी वाढते आणि कोट ठिगळासारखा दिसतो. त्याऐवजी आतली लव काढा. दात लांब असलेला रेक आणि स्लिकर ब्रश (बारीक तारांचा) घेऊन आठवड्यातून तीनदा, केस ओळीओळीने वर उचलून, थेट मुळापासून विंचरा. कानाखालचे, पंज्यांखालचे आणि शेपटीच्या खालचे केस तेवढे बारीक करून घ्या. कानामागे लोकरीसारख्या गाठी झाल्या असतील तर ओल तिथेच अडकते. त्या कात्रीने कापायला जाऊ नका, गोल्डनची कातडी गाठीबरोबर वर येते आणि कात्री कातडीत जाते. ट्रिमर वापरा किंवा ग्रूमरकडे न्या.

दुसरी तपासणी: ओला पांढरा कागद

बारीक दातांची पिसवांची फणी आणि एक ओला पांढरा टिश्यू. शेपटीच्या मुळापासून कमरेपर्यंत फणी फिरवा आणि जे काळे कण पडतील ते ओल्या कागदावर झटका. मिनिटभरात कणाभोवती तांबडं वर्तुळ पसरलं तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. साधी माती असेल तर काळी-तपकिरीच राहते.

"आमच्याकडे पिसवा नाहीत, आम्ही रोज पुसतो" असं मला खूपजण सांगतात. त्यांच्या स्वच्छतेवर मला शंका नाही. पण दाट केसांत पिसू दिसत नाही, आणि ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेचीच ॲलर्जी आहे त्याला मोजक्या चाव्यांनीही कित्येक दिवस खाज राहते. कमरेच्या मागच्या भागात खाज असेल तर पिसवा नाहीत असं धरूनच चालायचं नाही.

प्रौढ पिसवा एकूण संख्येचा लहानसा भाग असतात. अंडी, अळ्या आणि कोश हे गादीत, गालिच्यात, फरशीच्या फटीत असतात. कोश आठवडे आठवडे तसेच राहतात. म्हणून एकदा औषध लावलं आणि महिनाभराने पुन्हा पिसवा दिसल्या, तर औषध खोटं होतं असं नाही. निदान तीन महिने खंड न पाडता, घरातल्या प्रत्येक प्राण्याला, आणि त्याच दिवशी अंथरूण गरम पाण्यात धुऊन व्हॅक्यूम किंवा केरसुणीने कोपरे काढून, असं करावं लागतं. मानेवर टाकायचे थेंब वापरत असाल तर त्याआधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ टाळा. खायच्या गोळ्या पावसाळ्यात सोयीच्या, कारण त्या भिजण्याने उतरत नाहीत. पण कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्यांचं परमेथ्रिन असलेलं औषध आणूच नका, मांजरासाठी ते विष आहे.

फणी फिरवताना गोचिडीही बघून घ्या: कानांच्या घडीत, पट्ट्याखाली, बोटांमध्ये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि स्पिरिटमध्ये टाकायची. रॉकेल, काडीचा चटका असले उपाय नकोत. आपल्याकडची तपकिरी गोचीड भिंतीच्या आणि बाल्कनीच्या फटींत शिरून हजारो अंडी घालते, म्हणून कुत्र्याबरोबर त्या फटीही साफ कराव्या लागतात.

तिसरी तपासणी: कान

दर रविवारी सकाळी मी लाडूचे दोन्ही कान उलटून बघते आणि हुंगते. निरोगी कान फिकट गुलाबी असतो आणि त्याला जवळजवळ वास नसतो. एकदा नाकाला सवय झाली की बिघाड डोळ्यांआधी नाकाला कळतो.

कुत्र्याच्या कानाची वाट इंग्रजी एल अक्षरासारखी: आधी खाली जाते, मग आत वळते. त्यात गोल्डनची पाळी जड, झाकणासारखी बसलेली. आत हवा खेळत नाही. चॉकलेटी, तेलकट मळ आणि आंबूस वास असेल तर बहुधा यीस्ट. पिवळा-हिरवा पू आणि घाण वास असेल तर जंतू. पिल्लाच्या कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा कोरडा काळा मळ असेल तर माइट्सचा, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्यांचा, संशय घ्यावा. हे सगळं अंदाज म्हणून ठीक. नक्की काय ते मळाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळतं, आणि औषध त्यावरच ठरतं. मागच्या वर्षीचे उरलेले थेंब घालणं ही मी पाहिलेली सगळ्यात सर्रास चूक. त्या वेळी यीस्ट असेल, या वेळी जंतू असतील. शिवाय पडद्याला छिद्र असेल तर काही थेंबांनी ऐकूच येईनासं होऊ शकतं. पडदा शाबूत आहे का हे डॉक्टर उपकरणाने आत बघून सांगतात.

कान दुखरा नसेल, नुसता मळ असेल, तर डॉक्टरांनी दिलेल्या इअर क्लीनरने घरी साफ करता येतो. वाट भरेल इतकं क्लीनर ओता, पाळीच्या मुळाशी अर्धा मिनिट हळू चोळा, पचपच आवाज यायला हवा. मग कुत्र्याला डोकं झटकू द्या आणि वर आलेला मळ कापसाने टिपा, बोट जाईल तिथपर्यंतच. कानकोरणी आणि इअरबड आत घालायचे नाहीत, त्याने मळ वळणाच्या पलीकडे ढकलला जातो. खोबरेल तेल, व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड, लसणाचं तेल यातलं काहीच नको. निरोगी कान पावसाळ्यात आठवड्यातून एकदा साफ केला की पुरे. रोज धुतला तर उलट आतली कातडी भिजून नाजूक होते.

एकाच कानाला अचानक त्रास, तोही फिरून आल्यावर लगेच, असं असेल तर कुसळ आठवा. ऑक्टोबरनंतर पुण्यात वेताळ टेकडीवर, तळजाईला किंवा कुठल्याही माळावर कुसळी गवत वाळतं. त्याची टोकं आपल्या मोज्यांत घुसतात तशी कुत्र्याच्या कानात आणि बोटांच्या मध्ये घुसतात. दिशा एकच, आत. दिसलं आणि हाताला लागलं तर काढा. दिसत नसेल पण कुत्रा डोकं वाकडं करून विव्हळत असेल तर चिमटा घेऊन आत शोधू नका, ते काम भूल देऊन करावं लागतं.

चौथी: खाज कुठे आणि कधी, याची वही

साधी शाळेची वही पुरते. तारीख, कुठे खाजवलं, पाऊस होता का, आंघोळ कधी, नवीन काय खाल्लं, औषध कधी दिलं. दोन महिने नोंदी ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं.

फक्त कमरेच्या मागे असेल तर पिसवा. पुढचे दोन्ही पंजे, काखा, पोट, तोंड आणि दोन्ही कान मिळून असेल, आणि सुरुवात सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात झाली असेल, तर धूळ, बुरशी, परागकण यांची ॲलर्जी. एकच पंजा असेल तर काटा, कुसळ किंवा मोडलेलं नख. बारा महिने सारखीच खाज, ऋतूचा संबंधच नाही, त्यात पोटाच्या तक्रारी, तर अन्नाकडे बघायचं. कानाच्या कडा, पायांची कोपरं आणि टाचा यांवर भयंकर खाज आणि घरातल्या माणसांच्या हातापोटावरही पुरळ, तर खरूज, आणि मग थेट डॉक्टर. बंड्याच्या वहीत दर वर्षी पहिला पाऊस पडल्यावर दोन आठवड्यांनी खाज चालू होत होती. ते कळल्यावर आम्ही मे महिन्यातच तयारीला लागायचो, आणि शेवटची चार वर्षं त्याला एकही मोठा चट्टा पडला नाही.

पाचवी: आंघोळ कशी घालताय?

माणसांचा शॅम्पू, लहान बाळांचासुद्धा, नको. कुत्र्याच्या कातडीची आम्लता आपल्यापेक्षा वेगळी असते, आपल्या शॅम्पूने ती कोरडी पडते. डेटॉलसारखी जंतुनाशकं पाण्यात घालू नका, सोललेल्या कातडीची आग होते. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीन असलेला औषधी शॅम्पू दिला असेल तर तो घड्याळ लावून दहा मिनिटं अंगावर राहू द्यावा लागतो. फेस करून लगेच धुतला तर औषध नाल्यात गेलं. नंतर इतकं पाणी ओता की केस हातात करकरीत लागतील, कारण लवेत राहिलेला साबणही खाज आणतो. आणि मग पुन्हा तो पाऊण तासाचा ड्रायर. सुकवायला वेळ नसेल तर त्या दिवशी आंघोळच घालू नका.

चट्टा पडलाच आहे, तर आत्ता काय?

लहान असेल, वरवरचा असेल, तर ट्रिमरने चट्ट्याच्या कडेपलीकडे बोटभर केस काढा, म्हणजे हवा लागेल आणि खरा आकार दिसेल. तो जवळजवळ नेहमी वाटला त्याच्या दुप्पट निघतो. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाऊण चहाचा चमचा मीठ घालून त्याने हळूच धुवा, कोरड्या गॉजने टिपा, दिवसातून दोन-तीनदा. चाटता येऊ नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घाला आणि काढू नका. "बिचारा कंटाळतो" म्हणून रात्री कोन काढला की सकाळी चट्टा मोठा होतो, हे मी सोनीच्या वेळी स्वतः केलं आणि तिला पुढचे दहा दिवस त्रास झाला.

हळद, तेल, टाल्कम पावडर, घरातलं स्टिरॉइडचं मलम, टी ट्री ऑइल, कापूर यातलं काहीही लावू नका. तेलाने ओल कोंडते, पावडरचा खपलीखाली चिखल होतो, आणि कुत्रा जे लावाल ते चाटून पोटात घेतो. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, त्याने जीव जाऊ शकतो.

चोवीस तासांत चट्टा सुकायला लागला नाही, तळहातापेक्षा मोठा आहे, डोळ्याजवळ आहे, किंवा भोवती बारीक पुटकुळ्या आहेत, तर घरचं थांबवा. गोल्डनच्या गालावर आणि मानेवर वरून साधा दिसणारा चट्टा आतून खोल असतो. केसांच्या मुळांपर्यंत जंतू गेलेले असतात आणि पोटातून औषध दिल्याशिवाय तो हटत नाही. प्रतिजैविक सुरू केलं तर सांगितले तितके दिवस पूर्ण द्या. चौथ्या दिवशी बरं दिसतं म्हणून स्वतःच बंद करू नका.

सहावी: अन्न

ही तपासणी पैशांनी फार महाग नाही, पण घराच्या शिस्तीने महाग आहे. म्हणून एवढ्या खाली ठेवली.

कुत्र्यांमध्ये अन्नाची ॲलर्जी बहुतेक वेळा गोमांस, दूध-दही, चिकन आणि गहू यांची असते. आपल्या घरातला गोल्डन काय खातो? चिकन-भात, दही-भात, दुधात कुस्करलेली पोळी आणि चहाबरोबर बिस्किट. म्हणजे चारपैकी तीन रोज पोटात. "इतकी वर्षं तेच खातोय, आता कशी ॲलर्जी होईल?" असं विचारतात. ॲलर्जी बहुधा रोजच्या, ओळखीच्या अन्नाचीच होते.

खात्री करायची एकच पद्धत मी विश्वासाने सांगेन: आठ आठवडे फक्त असं अन्न जे त्याने आयुष्यात खाल्लेलं नाही, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रोलाइज्ड (शरीराला ओळखू येणार नाहीत इतक्या बारीक तोडलेल्या) प्रथिनांचं खाणं. पाण्याखेरीज बाकी काहीही नाही. आजींचं बिस्किट नाही, स्वयंपाकाच्या मावशींची शिळी पोळी नाही, मुलांच्या ताटातलं चीज नाही, चिकनच्या चवीची जंताची गोळीसुद्धा नाही, तिच्या जागी बिनचवीची मागून घ्या. एक बिस्किट गेलं तरी कौल बिघडतो. आमच्याकडे सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, त्यांचा जीव होता बंड्यावर. मग आम्ही त्यांच्याजवळ त्याच्याच नव्या जेवणातले वाळवलेले तुकडे डब्यात भरून ठेवले. देण्याचा आनंद त्यांचा राहिला आणि नियमही पाळला गेला.

आठ आठवड्यांत खाज स्पष्ट कमी झाली तर जुनं अन्न पुन्हा सुरू करून बघायचं. दोन आठवड्यांच्या आत खाज परतली तरच अन्न दोषी. हा उलटा टप्पा टाळू नका, नाहीतर पाऊस थांबल्याचं श्रेय अन्नाला दिलं जातं. अन्नाच्या ॲलर्जीसाठी रक्त किंवा केसांच्या चाचण्या विकल्या जातात. त्यांवर विसंबून काही बंद करू नका.

इथून पुढे डॉक्टरांचंच काम

ओल आटोक्यात, पिसवा नाहीत, कान साफ, अन्न तपासलं, तरी वर्षातून दोनदापेक्षा जास्त त्रास होत असेल तर नुसतं इंजेक्शन मागू नका, तपासण्या मागा. कानाची आणि कातडीची स्लाइड, माइट्ससाठी कातडी खरवडून तपासणी, जंतू हटत नसतील तर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडेल ते बघणं. स्टिरॉइडने खाज एका रात्रीत थांबते आणि काही वेळा ते खरोखर लागतं. पण कारण न शोधता दर महिन्याला घेतलं तर वजन, तहान, जंतुसंसर्ग सगळंच वाढतं. वातावरणातली ॲलर्जी निघाली तर ती मुळापासून जात नाही, आयुष्यभर सांभाळावी लागते. खाजेवर ओक्लासिटिनिबच्या गोळ्या किंवा लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन असे दुसरे पर्यायही आहेत, त्यांबद्दल विचारा.

गोल्डनमध्ये थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण जास्त. वजन वाढतंय, सुस्ती आहे, शेपटी उंदरासारखी केसविरहित होते आहे, दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ, तर ती रक्ततपासणी करा. पण जंतुसंसर्ग जोरात असताना किंवा स्टिरॉइड चालू असताना नको. त्या काळात आकडा खोटाच कमी येतो आणि नको ती गोळी जन्मभर मागे लागते. पिल्लूपणापासून पांढरा-करडा कोंडा आहे आणि खाज नाही, तर तो या जातीतला अनुवांशिक इक्थिओसिस (कातडीचे खवले सुटण्याचा आजार) असू शकतो. जनुकीय चाचणीने कळतं, आणि मग विनाकारण औषधं थांबतात. केस विंचरताना सहा-सात वर्षांवरच्या कुत्र्याला कुठलीही नवी गाठ लागली तर "चरबीची असेल" म्हणून सोडू नका, सुईने तपासून घ्या. गोल्डनमध्ये कर्करोग जास्त आढळतो.

नेहमीच्या दवाखान्यात या सोयी नसतील तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा साताऱ्याकडच्यांना जवळचं शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय इथे चौकशी करा. जाताना ती वही, चट्ट्याचे तारखेसह फोटो आणि आजवर दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव न्या, नुसतं "पांढरी गोळी" सांगू नका. कानाची स्लाइड करायची असेल तर निघण्याआधी दोन दिवस कान साफ करू नका, नाहीतर डॉक्टरांना बघायला मळच उरत नाही.